उन्हाळ्यात जागे होणारे सर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझी बहुतेक लबाडी न सांगताच कळते. अमरावतीच्या कॉलेजात माझी निवड झाली ती मुलाखतीतल्या एका उत्तरावर. त्या उन्हाळ्यात मी अकोल्याबाहेर बाळापूर रोडवर पाणपोई चालवली होती. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "पाणपोईवर रांजण किती होते?" मी म्हणालो, "एकच. सगळ्यांसाठी एकच." रांजण दोन होते.

आता हे उलगडायचं तर आधी सरांबद्दल सांगायला हवं. नाहीतर मॅट्रिकची परीक्षा दिलेला पोरगा, आंबे आणि विहिरी सोडून, कॉलेजात जायचं म्हणून भर मे महिन्यात रस्त्यावर पाणी वाटत का बसला होता, हे कुणाला समजायचं नाही.

सर आम्हाला भूगोल शिकवत. शिकवत म्हणजे, वर्गात असत. जून ते मार्च हा माणूस झोपेत होता असं म्हटलं तरी चालेल. डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि नद्या उगमापासून सोडायचे. पूर्णा निघाली की मध्ये मोर्णा तिला कुठेतरी मिळायची, आणि तिथेच सरांचाही आवाज बुडायचा. तास संपल्याची घंटा झाली की डोळे उघडून विचारायचे, "कुठपर्यंत आलो बे आपुन?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "समुद्रापर्यंत, सर!" सर समाधानाने डस्टर उचलायचे.

पण शेवटचा पेपर संपला, की हाच माणूस शाळेच्या फाटकात उभा असायचा. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, हातात सायकल. ही सायकल ते कधी चालवत नसत. चेन केव्हातरी तुटली होती, ती त्यांनी बसवून घेतली नाही. सायकल हातात धरून अख्खं अकोला पायी फिरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बसलो तं पोट्टे मागून पळून जातात. पायी असलो म्हनजे गल्लीत शिरता येते." आणि खरंच शिरायचे. शाईने माखलेले सदरे घेऊन पोरं भिंतीवरून उड्या टाकायची, तर पलीकडे सर सायकल घेऊन हजर.

"काय बे, सुट्टीत काय करून राहिला?"

"काही नाही सर."

"हेच सांगशीन काय मुलाखतीत?"

मुलाखत! सरांच्या आयुष्यातला हा एकच शब्द जागा होता. त्या काळात पहिला वर्ग मिळालेल्या पोराला कुणी काही विचारत नसे. पण आमच्यासारख्या मधल्या पोरांना कॉलेजात आणि वसतिगृहात जागा हवी तर कमिटीपुढे उभं राहावं लागायचं. सरांचं ठाम मत असं, की कमिटी मार्कांकडे बघतच नाही. "मार्क तं घोकून कोनालेही पडतात. ते इचारतीन, व्हॉट डिड यू डू इन युवर व्हेकेशन? तिथं पोट्टं पडते." सरकारची पंचवार्षिक योजना होती, तशी सरांची उन्हाळी योजना होती. फरक इतकाच की सरांची दरवर्षी पुरी व्हायची.

या मतामागे इतिहास होता. तो सरांनी स्वतः कधी सांगितला नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तूर निवडता निवडता सांगितला. सर तरुणपणी नागपूरला एका कॉलेजच्या मुलाखतीला गेले होते. साहेबाने हाच प्रश्न विचारला. सरांनी खरं ते सांगितलं: आजोळी होतो, आंबे खाल्ले. साहेब बरा असावा. त्याने विचारलं, "कोणते आंबे?" सर म्हणाले, "आजोबांचे." सरांना कॉलेजात घ्यायचं राहून गेलं. "तवापासून या घरात आंबा खायाचा तं नाव सांगून खा लागते," काकू म्हणाल्या. सर आतून ओरडले, "तुले कोन इचारून राहिलं?"

सरांची खुबी अशी की ते पोराला आवडेल ते काम देत नसत. त्याचं जिथे अडतं तिथे त्याला जुंपत. आमच्यात एक जण अडखळत बोलायचा. त्याला त्यांनी एस. टी. स्टँडवर कंडक्टरच्या शेजारी उभं केलं, गाड्या पुकारायला. पहिल्या आठवड्यात त्याचं "ति-ति-तिवसा" पुरं होईपर्यंत गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलेली असायची आणि तिवशाच्या म्हाताऱ्या स्टँडवर त्याच्याच अंगावर धावून जायच्या. पण पुढे असं झालं, की त्याचं पुकारणं संपल्याशिवाय कंडक्टर घंटीची दोरी ओढेना. "थांब ना भाऊ, पोट्टं आता 'सा'वर आलं हाये," असं तो ड्रायव्हरला सांगायचा. तो पोरगा पुढे वकील झाला. दुसरा एक अखंड बडबड्या होता. त्याला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात महिनाभर बसवला. तोंड उघडलं की फुंकरीने एखादं बारीक चाक उडून जायचं, आणि मग ते शोधायला दोघं जमिनीला गाल लावून पडायचे. त्याचं तोंड काही बंद झालं नाही, पण तो नाकाने श्वास घ्यायला शिकला.

माझा जिवलग दोस्त सुखदेव. वर्गात हुशार, बापाचं काम जिनिंगमध्ये हमालीचं, घर जुन्या शहराच्या टोकाला. धर्मांतरानंतर त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती आणि तिच्याखाली सुखदेवचं पुस्तकांचं फळकुट. त्याच्याकडे बराच वेळ पाहून सर म्हणाले, "तू लय सोसते बे. तुले काम असं: रोज एक तक्रार. नगरपालिकेत जायचं, साहेबासमोर उभं राहून बोलायची. खरी पाहिजे. अन् सभ्य पाहिजे."

सुखदेव आधी दोन दिवस नगरपालिकेच्या पायरीवरून परत आला. तिसऱ्या दिवशी बोलला. मग मात्र त्याला चव लागली. गल्लीतला दिवा, उघडं गटार, नळाखालचा खड्डा, मोर्णेच्या काठावर टाकलेला कचरा. नमस्कार करायचा, हात मागे बांधायचा आणि कविता म्हटल्यासारखी तक्रार म्हणायचा. तो जिन्यावर दिसला की कारकून साहेबाला सांगायचा, "आले तुमचे जावाई." एकदा साहेब टेबलाखाली पडलेली टाचणी फारच वेळ शोधत बसले. सुखदेव खाली वाकून म्हणाला, "साहेब, तुमच्या टेबलाखालीबी उजेड नाई. हे उद्याची तक्रार."

आणि मी. मी बाळापूरकडच्या खेड्यातला. वडिलांची काळी जमीन बऱ्यापैकी, शिकायला अकोल्यात मामांकडे. मामांची कापसाची अडत. कॉलेजात नंबर लागला नाही तर मामांच्या काट्यावर बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. माझ्यासाठी गादीवर जागाही रिकामी केली होती. रोज जेवताना मामा विचारायचे, "काय मुनीमजी, भाजी घेता काय?" आणि मी भाजी न घेताच उठायचो.

सरांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. म्हणाले, "तुले पानी मागता येते. देता येत नाई. पानपोई चालव." मग जाता जाता, सायकल वळवून, "एकच रांजन. एकच ओगराळं. जो येईन तो त्यातलंच पेईन. समजलं?"

मामा खूश झाले. पुण्याचं काम, वर फुकटचा मुनीम उन्हात तयार होतोय. नाक्याच्या पलीकडे रस्त्याला लागून त्यांचं वावर होतं. तिथल्या कडुनिंबाखाली शिंदीच्या चटईचा आडोसा झाला, वाळूत रांजण बसला, त्यावर ओलं पोतं. संध्याकाळी मामा स्वतः बैलबंडीतून दुसरा रांजण घेऊन आले. तो झाडाच्या मागे ठेवला. त्याच्यावर पत्र्याचा एक डबा पालथा.

"मामा, सर म्हनले एकच..."

"तुह्ये सर भूगोल शिकवतात ना? मंग मले नको शिकवू म्हना. रस्त्यावरची लोकं हायेत. आपल्या समाजातले पेतीन काय त्यातलं, समदे पेले तं? कॉलेजात कोन पाठवून राहिलं तुले, मी का सर?"

मी गप्प बसलो. त्या वयात माणूस गप्प बसला की आपण समजूतदार झालो असं त्याला वाटतं.

अडचण होती ती सरांच्या तपासणीची. पण सुदैवाने, म्हणजे तेव्हा मला ते सुदैव वाटलं, हातात सायकल, डोक्याला दुपट्टा असा माणूस बाळापूर रोडवर दुसरा नव्हता. ते नाक्याशी दिसले, की मी डबा गवतात फेकायचो, मागच्या रांजणाच्या तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर ओलं पोतं, आणि पोत्यावर मी. जसं काही ते माझं बसायचं स्टूल. सर येत, पुढच्या रांजणातलं पाणी पीत, "गार हाये," म्हणत. मी बसल्या जागेवरून हसत असे. एकदा त्यांनी जवळ बोलावलं. उठावं लागलं.

सरांनी माझ्याकडे मागून पाहिलं.

"काय बे, पँट काहून ओली?"

"घाम आला सर."

"घाम खालूनच येते काय बे तुले?"

"ऊन लय हाये सर."

सर विचारात पडले. खिशातला कांदा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा मागच्या खिशात ठेवत जाय." मग सायकल घेऊन निघून गेले. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांना हा विनोद ते स्वतः सांगत, आणि मीही त्यांच्याबरोबर हसत असे.

सुखदेव आला तो एका दुपारी. नगरपालिकेतली तक्रार आटोपून सरळ माझ्याकडे चालत आलेला, चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. "अबे, आज साहेब सोताच म्हनला, उद्या कशावर येतो?" असं सांगत सांगतच तो झाडाखाली शिरला आणि पुढच्या रांजणाकडे वळला. आडोशात मामा बसले होते, सोबत बाळापूरचे दोघे व्यापारी. मामांनी माझ्याकडे बघितलं.

ओगराळं माझ्याच हातात होतं. मी ते खाली ठेवलं. सुखदेवच्या बाजूने निघून झाडामागे गेलो, डबा उचलला, भरला आणि त्याच्यापुढे धरला.

तो डब्याकडे पाहत राहिला. मग घेतला. प्याला. "अजून दे," म्हणाला. मी परत भरून दिला, तोही प्याला. डबा त्याने स्वतःच नेऊन मागच्या रांजणावर नीट पालथा घातला, आला, आणि म्हणाला, "पानी गार हाये बे." आणि आला तसा उन्हातून परत गेला. मी त्याला थांब म्हटलं नाही. व्यापाऱ्यांतल्या एकाने कापसाचा भाव विचारला आणि मामा बोलू लागले.

सुट्टी संपताना सर सगळ्यांना घरी बोलवत. आधी हिशेब, मग लुटुपुटूची मुलाखत. मुलाखतीला सर लग्नातला काळा कोट चढवायचे. तो आता पोटावर बंद होत नसे म्हणून समोर उशी धरून बसायचे. दुसऱ्या मेंबर काकू, मांडीवर सूप. सर इंग्रजीतून विचारत, काकू वऱ्हाडीतून. "जेवून आला काय बाबू?" एखादा पोरगा "येस सर" म्हणायचा आणि सर उशी फेकून उठायचे: "हे दुसऱ्या मेंबरचे सवाल सोपे वाटतात. तिथंच गाडी उलटते!"

हिशेबात सुखदेवची पाळी आली. दिवा लागला, गटार झाकलं, खड्डा अजून आहे पण साहेब त्याला टाळून चालतात. पोरं टाळ्या पिटत होती. सर म्हणाले, "शाबास. एखादी तक्रार राहिली काय बे?"

"राहिली एक, सर."

"कोनती?"

सुखदेव म्हणाला, "ते नगरपालिकेच्या हद्दीत येत नाई."

सगळे हसले. सर सर्वांत जास्त. "मंग साहेब तरी काय करीन बिचारा!" सुखदेवही थोडासा हसला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर मी तिथेच बोललो असतो, अशी समजूत मी पुष्कळ वर्षं घालून घेतली. ती खोटी आहे. मी तेव्हाही हसलोच असतो.

अमरावतीला आम्ही दोघं एकाच गाडीने गेलो. आधी मला बोलावलं. प्राचार्यांनी खरंच तोच प्रश्न विचारला, अगदी सरांच्याच शब्दांत, आणि मला इतका आनंद झाला की मी पाणपोईचं उत्तर घडाघडा म्हणून टाकलं. प्राचार्य मान डोलवत होते. तेवढ्यात कोपऱ्यातले ते म्हातारे गृहस्थ पुढे वाकले. खादीचा सदरा, जाड भिंगं, बोलणं आमच्याकडचंच. "रांजन किती होते?"

मला मामांची गादी दिसली. मी एक म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण पुढेही बोललो: "माझ्या घरून विरोध होता. मी ऐकलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असे पोट्टे पाह्यजेत," ते प्राचार्यांना म्हणाले.

परतीच्या गाडीत सुखदेव खिडकीशी होता. बडनेरा गेल्यावर बोलला. "मलेबी पानपोईचं इचारलं त्या बुढ्यानं. म्हने, तुमच्या अकोल्याच्या पोरानं एकच रांजन ठेवला होता, खरं काय?"

"मग?"

"म्हटलं, मी पेलो हावो तिथलं पानी." मग म्हणाला, "गार होतं म्हटलं."

दोघांचीही निवड झाली. वसतिगृहात आमच्या खोल्या एकाच ओळीत होत्या आणि एकाच माठातलं पाणी आम्ही प्यायचो. तो कधी काही बोलला नाही, मीही नाही. परीक्षेच्या दिवसांत तो मला गणित समजावून द्यायचा. मी लक्ष देऊन ऐकायचो.

खरी शिक्षा सरांनी दिली, तीही प्रेमाने. मी त्यांच्या उन्हाळी योजनेचा नमुना झालो. सुट्टीत घरी आलो की सायकल दारात उभी. "चाल बे, पोट्ट्यायले सांग कसं केलं ते." आणि मी नव्या पोरांपुढे उभा राहून सांगायचो. खोटं दरवर्षी मुरत गेलं. एका वर्षी मी त्यात मामांचा राग घातला. दुसऱ्या वर्षी मामा रांजण फोडायला आले आणि मी आडवा पडलो, असंही घातलं. सर डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं झोपले, पण ते रडत असायचे. नमुना पाहून तीन-चार पोरांनी खरोखर एका रांजणाच्या पाणपोया चालवल्या. एकाने तर त्यापायी बापाशी भांडून मावशीकडे महिना काढला. तो भेटला की माझ्या पाया पडतो. मी त्याला टाळतो.

सर गेले ते शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. त्यांना जवळून ओळखणाऱ्या कुणाला याचं आश्चर्य वाटलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा काकू ओसरीत बसल्या होत्या, सायकल भिंतीला टेकलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "तुह्या पँटीचा घाम सुकला काय रे बाबू?"

मी खाली पाहिलं.

"ओलं पोतं रांजनावरच असते, अन् त्याच्यावर बसलं की मागून ओलं होतेच. मी इतकी वर्षं पापड वाळू घातले, मले नाई समजत काय?"

"सरांना माहीत होतं?"

"त्यायले? त्यायले काय समजत होतं बापा! मानूस सायकल हातात धरून पायी फिरे." पदराने डोळे पुसले, आणि दुसऱ्या मेंबरने विचारलं, "त्या सुखदेवले सांगतलं काय मंग तू?"

"त्याला माहीत आहे, काकू."

"त्याले काय माहीत हाये, हे मी नाई इचारलं."

चहा आला, तो घेतला आणि उठलो.

यालाही आता पुष्कळ दिवस झाले. सुखदेव पाटबंधारे खात्यात मोठा इंजिनिअर आहे. दिवाळीला भेटतो, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला तोच पुढे होता. त्याच्यापुढे माफी मागायची नाही, हे मी ठरवलं आहे. मागितली तर तो लगेच देईल आणि विषय बदलेल, आणि मी पुन्हा स्वस्तात सुटेन. मी त्याचा देणेकरी आहे तो एवढ्याचाच: त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायको-मुलांसमोर, मी तुला वेगळ्या रांजणातलं पाणी दिलं आणि त्यावर खोटं बोलून कॉलेजात गेलो, हे माझ्या तोंडाने सांगणं, आणि त्यानंतर तो जे बोलेल ते शेवटपर्यंत बसून ऐकणं. हे अजून मी केलेलं नाही.